शिकवणाऱ्यांनी शिकायचे कोणाकडे?

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नवापूर आणि नंदुरबार या दोन स्थानकांच्या दरम्यान चिंचपाडा लागते. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील हे गाव. गुजरातची सीमा येथून फार दूर नाही. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा तर अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत येतो. परिसरातील बहुसंख्य कुटुंबे आदिवासी आहेत. घरात मावचीसारखी बोली, शाळेत व सरकारी कागदावर मराठी, बाजारात गुजराती आणि औषधाच्या वेष्टनावर इंग्रजी, असा चार भाषांचा व्यवहार या भागात रोजचा आहे. चिंचपाड्यात मिशनरी परंपरेतील एक रुग्णालय असून ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या संस्थेच्या जाळ्यात मोडते. त्याखेरीज तालुक्यात सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे, अंगणवाड्या, आश्रमशाळा आणि गावोगावच्या आशा कार्यकर्त्या आहेत.

या साऱ्यांच्या वाट्याला येणारे एक काम समान आहे. ते म्हणजे समजावून सांगण्याचे. औषध देणे त्या मानाने सोपे. पण ते का घ्यायचे, किती दिवस घ्यायचे आणि बरे वाटू लागल्यावरही का थांबवायचे नाही, हे पटवून देणे हा वेगळाच व्यवसाय आहे. त्याचे शिक्षण मात्र फारच थोड्यांना मिळते.

सिकलसेलचे उदाहरण घेता येईल. महाराष्ट्रातील ज्या आदिवासी जिल्ह्यांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो, त्यांत नंदुरबारचा समावेश होतो. हा रक्ताचा आनुवंशिक विकार आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात आणि रक्तक्षय जडतो. सदोष जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आले, तर ती व्यक्ती 'वाहक' ठरते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते. ते दोघांकडून आले, तर मूल 'रुग्ण' होते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले, तर निर्मूलनासाठी २०४७ हे वर्ष ठरवण्यात आले.

तपासणी झाल्यावर खरा प्रश्न उभा राहतो. लग्नाच्या वयाची मुलगी 'वाहक' निघाली, तर तिच्या आईवडिलांना काय सांगायचे? 'वाहक' या शब्दाचा अर्थ 'अर्धी आजारी' असा घेतला गेला, तर चांगली सोयरीक मोडू शकते. काहीच सांगितले नाही, तर दोन वाहकांचे लग्न होऊन त्यांच्या मुलांना आजार होण्याचा धोका राहतो. शिवाय 'चारात एक' हे गणित आहेच. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. पण ऐकणाऱ्याला ते 'चार मुलांपैकी एकच आजारी होणार' असे वाटते. पहिले मूल आजारी असेल, तर पुढची तीन सुखरूप, असा हिशेब घातला जातो. या गैरसमजाचा शिक्षणाशी फारसा संबंध नाही; शहरातील पदवीधर दांपत्येही त्यात फसतात.

पाठ्यपुस्तकात आजाराची माहिती असते. ती सांगायची कशी, कोणत्या शब्दात, कोणासमोर, घरातील कोणाला आधी, हे पुस्तकात नसते. ज्याने ही गोष्ट शंभर घरांत सांगितली, वीस ठिकाणी सांगताना चुकला आणि नंतर सांगण्याची रीत बदलली, त्याच्याकडे ते असते. असा माणूस गडचिरोलीत असेल, मेळघाटात असेल, सीमेपलीकडे डांगमध्ये किंवा थेट ओडिशात असेल. चिंचपाड्याच्या परिचारिकेची आणि त्याची गाठ कशी पडावी? आरोग्यशिक्षकांच्या ऑनलाइन मंडळांची सारी कल्पना या एका प्रश्नाभोवती फिरते.

सुईणी, शिंपी आणि दुरुस्ती कामगार

इंग्रजीत या कल्पनेला 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस' म्हणतात. मराठीत समव्यवसायींचे मंडळ म्हणता येईल. हा शब्दप्रयोग जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांच्या १९९१ मधील पुस्तकाने रूढ केला. शिकणे ही केवळ डोक्यात माहिती साठवण्याची क्रिया नसून एखादे काम करणाऱ्या माणसांच्या गोतावळ्यात हळूहळू सामील होण्याची प्रक्रिया आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी जी उदाहरणे घेतली, त्यांतील एक मेक्सिकोच्या युकातान भागातील माया सुईणींचे होते, तर दुसरे लायबेरियातील शिंप्यांचे. सुईणीच्या घरातील मुलगी कोणत्याही वर्गात बसत नाही. ती आधी निरोप पोहोचवते, मग आजीबरोबर जाते, नुसती पाहते, पुढे हात लावते आणि एके दिवशी बाळंतपण करते. नंदुरबारच्या पाड्यांवरील जुन्या दाईला हे सांगितले, तर त्यात नवे ते काय, असे ती विचारील.

याच सुमारास अमेरिकेत ज्युलियन ओर या मानववंशशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती कामगारांचा अभ्यास केला. कंपनीने त्यांना जाडजूड माहितीपुस्तके दिली होती. कामगार मात्र अवघड बिघाडाचा उलगडा न्याहारीच्या टेबलावर एकमेकांना किस्से सांगत करीत. वरवर निरुद्योगी दिसणाऱ्या त्या गप्पांतच त्यांचे खरे ज्ञान साठलेले होते.

अशा मंडळाला तीन गोष्टी लागतात. एक समान विषय, एकमेकांना ओळखणारी माणसे आणि प्रत्यक्ष करायचे काम. केवळ विषय समान असेल, तर त्याला वाचकवर्ग म्हणतात. केवळ ओळख असेल, तर ते स्नेहसंमेलन. तिन्ही एकत्र आल्या की प्रश्न विचारण्याची लाज गळून पडते आणि आपले चुकले ते सांगण्याची सोय होते. ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे, कारण परिषदांतून व अहवालांतून नेमकी तीच गाळली जाते.

महाराष्ट्राला ही रीत इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये नगर जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडून दिलेल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना तेथे आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवण्यात आले. त्यांचे प्रशिक्षण एकदाच देऊन संपले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, एकत्र जेवत आणि आपापल्या गावात काय घडले ते एकमेकींना सांगत. आधीच्या कार्यकर्त्या नव्यांना शिकवू लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा जगाचे लक्ष कुपोषण आणि बालमृत्यूंवर मिळवलेल्या यशाकडे गेले. त्या आठवडी मुक्कामाची चर्चा त्या मानाने कमी झाली.

दुसरा नमुना 'मेडिको फ्रेंड सर्कल' या नावाने १९७४ मध्ये सुरू झालेल्या समूहाचा. समाजाभिमुख वैद्यक मानणाऱ्या देशभरातील डॉक्टर-कार्यकर्त्यांचे हे सैलसर मंडळ. त्यांचे स्वतःचे छोटे नियतकालिक होते आणि वार्षिक मेळावे अनेकदा वर्ध्याजवळ सेवाग्रामला भरत. एखाद्या आडगावी एकट्याने काम करणाऱ्या डॉक्टरला आपण वेडे नाही, एवढे कळण्यासाठीही असे मंडळ लागते.

टपालापासून ई-मेलपर्यंत

इंटरनेटने काय बदलले? मुख्यतः अंतर आणि खर्च. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतील डॉक्टरांपर्यंत वैद्यकीय नियतकालिके पोहोचणे जवळजवळ अशक्य होते. हृदयरोगतज्ज्ञ बर्नार्ड लाऊन यांनी स्थापलेल्या 'सॅटेललाइफ' या संस्थेने पृथ्वीजवळच्या कक्षेत फिरणाऱ्या लहान उपग्रहाचा उपयोग करून त्यांना ई-मेल पोहोचवण्याची सोय केली. उपग्रह डोक्यावर आला की काही मिनिटांत पत्रे घ्यायची आणि द्यायची. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. तोवर परदेशांतील आरोग्य कार्यकर्त्यांच्या ई-मेल मंडळांनी बाळसे धरले होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा २००५ चा. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे २००० मध्ये स्थापन झालेल्या 'फेमर' या संस्थेने विकसनशील देशांतील वैद्यकीय अध्यापकांसाठी दोन वर्षांची पाठ्यवृत्ती सुरू केली होती. तिचे भारतातील पहिले प्रादेशिक केंद्र मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे सर्वसामान्यांच्या भाषेत केईएममध्ये निघाले. त्यामागोमाग लुधियाना आणि कोइमतूर येथे केंद्रे झाली. रचना साधी होती. अध्यापकांनी काही दिवस एकत्र राहून शिकायचे, आपापल्या महाविद्यालयात परतून एक शैक्षणिक प्रकल्प राबवायचा आणि मधल्या काळात ई-मेल समूहावर एकमेकांशी बोलत राहायचे. चर्चेचे विषय ठरवणे आणि ती चालवणे हे काम पाठ्यवृत्तीधारकच आळीपाळीने करीत.

या ई-मेल चर्चांचा अभ्यासही झाला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. अंशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे निबंध 'एज्युकेशन फॉर हेल्थ' या नियतकालिकात २००८ व २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील दुसऱ्याचा विषयच समूहातील परस्परसंबंध आणि सामाजिक संवाद हा होता. ही निवड सूचक आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा, विनोद, घरच्या अडचणी ही चर्चेतील अडगळ नसते. ज्याच्याशी हास्यविनोद केला आहे, त्याच्यासमोरच माणूस 'माझा तास फसला' असे कबूल करतो. या मंडळींची ओळख आधी समोरासमोर झालेली होती, हेही विसरता येत नाही. केवळ नाव नोंदवून जमलेल्या अनोळखी शेकडो जणांत हा मोकळेपणा सहसा येत नाही.

त्याच दशकात, २००६ मध्ये, 'एचआयएफए' हे त्याहून विस्तीर्ण मंडळ ब्रिटनमधून सुरू झाले. 'सर्वांसाठी आरोग्यविषयक माहिती' हे त्याचे ब्रीद. उपचार करणाऱ्या प्रत्येकाच्या हाती विश्वासार्ह माहिती असावी, अशी त्यामागची मागणी. ग्रंथपाल, डॉक्टर, परिचारिका, प्रकाशक, धोरणकर्ते असे नाना देशांतील लोक त्यात ई-मेलने सहभागी झाले. चर्चा इंग्रजीत आणि पुढे फ्रेंच, पोर्तुगीज व स्पॅनिशमध्ये होऊ लागल्या. मावची तर दूरच, मराठी व हिंदीलाही त्या यादीत स्थान मिळाले नाही. यात आयोजकांना दोष देण्यासारखे काही नाही. पण आपली भाषा बोलणाऱ्यांसाठी ते कोणी बाहेरून येऊन करील, ही अपेक्षाही धरता येत नाही.

तिसरा प्रकार दृक्‌श्राव्य बैठकींचा. न्यू मेक्सिको विद्यापीठातील भारतीय वंशाचे यकृतरोगतज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. हेपॅटायटिस सीच्या रुग्णांना त्यांच्या दवाखान्यात येण्यासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागे आणि शेकडो मैल प्रवास करावा लागे. अरोरा यांनी ग्रामीण डॉक्टरांना ठरलेल्या दिवशी पडद्यावर एकत्र आणले. प्रत्येकाने आपला एक रुग्ण, नाव न सांगता, मांडायचा आणि सर्वांनी त्यावर बोलायचे. ग्रामीण डॉक्टरांनी या पद्धतीने केलेल्या उपचारांचे परिणाम विद्यापीठाच्या दवाखान्याइतकेच चांगले आढळल्याचा अभ्यास २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला.

टेलिमेडिसिन आणि ही पद्धत यांत गल्लत होते, म्हणून फरक स्पष्ट करायला हवा. टेलिमेडिसिनमध्ये दूरचा तज्ज्ञ त्या रुग्णाला तपासतो. केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' ही त्या प्रकारची सेवा. तिचा उपयोग निर्विवाद आहे, परंतु पुढचा तसाच रुग्ण आला की पुन्हा तज्ज्ञच लागतो. एकोच्या पद्धतीत रुग्ण स्थानिक डॉक्टरकडेच राहतो आणि डॉक्टर शिकतो. भारतात बंगळुरूच्या 'निम्हान्स'ने मानसिक आरोग्य व व्यसनमुक्तीसाठी जिल्ह्यांतील डॉक्टरांना शिकवताना हाच मार्ग धरला.

ग्रुप म्हणजे मंडळ नव्हे

आता पुन्हा नवापूर तालुक्याकडे. येथे आरोग्य शिकवण्याचा मोठा भार डॉक्टरांवर नाही. तो आशा कार्यकर्तीवर आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले आणि गावातल्याच विवाहित स्त्रीला हे काम देण्यात आले. देशभरात त्यांची संख्या आज दहा लाखांच्या घरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये त्यांचा सामूहिक गौरव केला. त्यांना कर्मचारी मात्र मानले जात नाही. मोबदल्याचा मोठा भाग केलेल्या कामाच्या नगावर ठरतो. इतके लसीकरण, इतकी संस्थात्मक बाळंतपणे, इतक्या गृहभेटी. सहकारणीला सल्ला देण्यात गेलेला अर्धा तास या हिशेबात कुठेच बसत नाही.

आशांच्या हातात स्मार्टफोन आले आणि व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुपही झाले. आशा आपापल्या गटप्रवर्तकेच्या ग्रुपमध्ये, गटप्रवर्तक तालुक्याच्या ग्रुपमध्ये, तालुका जिल्ह्याच्या ग्रुपमध्ये. वरून आदेश येतात, खालून आकडे आणि छायाचित्रे जातात. 'माहिती तात्काळ पाठवावी' हे वाक्य अशा ग्रुपमध्ये सर्वाधिक वेळा येत असावे. प्रशासनासाठी ही सोय आहे, यात शंका नाही. मात्र तिला मंडळ म्हणणे म्हणजे हजेरीपटाला वाचनालय म्हणण्यासारखे आहे. ज्या ग्रुपमध्ये वरिष्ठ अधिकारी आहेत आणि जेथे कामाचे मोजमाप होते, तेथे 'आईने बाळाला पहिले दूध पाजू दिले नाही, मला तिच्या सासूला समजावता आले नाही' असे कोणती आशा लिहील? ती गप्प राहते आणि अंगठा वर केल्याचे चित्र पाठवते.

याला दुसरी बाजू आहे आणि ती केनियात दिसली. नैरोबीतील किबेरा वस्ती आणि ग्रामीण माकुएनी भागातील आरोग्य कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधील संदेशांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पर्यवेक्षकाच्या सूचना होत्याच. त्याबरोबर एकमेकांना धीर देणे, शंका विचारणे, कामाचा दर्जा राखण्यासाठी परस्परांवर लक्ष ठेवणे, हेही होते. साधन तेच. फरक पडला तो पर्यवेक्षकाच्या वागण्याने. त्याने शंकेला उत्तर दिले, कारणे दाखवा नोटीस दिली नाही.

अशा मंडळाला एक समन्वयक लागतो, ही बाब योजना आखताना हमखास विसरली जाते. संगणकप्रणालीसाठी तरतूद होते, माणसासाठी होत नाही. समन्वयकाने चर्चा चालू ठेवायची, मुखदुर्बळ सभासदाला बोलते करायचे, चुकीचा सल्ला आला तर न दुखावता दुरुस्त करायचा आणि रुग्णाचे नाव वा चेहरा ग्रुपवर जाऊ द्यायचा नाही. शेवटचा मुद्दा केवळ सभ्यतेचा नाही. 'वाहक' मुलीच्या तपासणी अहवालाचे छायाचित्र एकदा फोनवर फिरू लागले, की पंचक्रोशीत ते कोठे थांबेल हे सांगता येत नाही आणि परिणाम तिने भोगायचे असतात.

ही मंडळे रुग्णांचे आरोग्य सुधारतात का? या प्रश्नाचे उत्तर अद्याप ठामपणे देता येत नाही. बहुतेक अभ्यास संदेश किती आले, सभासद समाधानी होते का, त्यांचे ज्ञान वाढले का, एवढेच मोजतात. एकोसारखी, रुग्णांवरील परिणाम तपासणारी उदाहरणे त्या मानाने थोडी. तेव्हा ऑनलाइन मंडळ निघाले म्हणजे बालमृत्यू घटतील, असे कोणी सांगत असेल, तर ते सावधपणे ऐकावे.

तरीही एकटेपणाची किंमत काय असते, हे नवापूरने जवळून पाहिले आहे. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये याच तालुक्यात नोंदवला गेला. पोल्ट्रीच्या शेडमधील लाखो कोंबड्या मारण्यात आल्या. परसातल्या कोंबड्याही सुटल्या नाहीत. ज्या घरात चार कोंबड्या हीच बचत असते, तेथे 'कोंबडी देऊन टाका, मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, तापाचा रुग्ण लपवू नका' हे सांगायला स्थानिक कर्मचारी गेले. देशात यापूर्वी हे कोणी केलेले नव्हते, त्यामुळे विचारायचे कोणाला हा प्रश्न होता. व्हिएतनाम व थायलंडमधील आरोग्य कार्यकर्त्यांना तो अनुभव दोन वर्षांपूर्वीच आला होता. पण नवापूरच्या आरोग्यसेविकेला त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता नव्हता. त्या वेळी भारतात माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही, हे सुदैव. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला, तेव्हा लोकांच्या हातात फोन होते. कोविडच्या काळात अफवा याच फोनवरून सर्वांत वेगाने पोहोचत होत्या.

दोन्हीकडे बसणारी माणसे

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्के आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. याच जिल्ह्यातील टेंभली गावात २०१० मध्ये देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. ओळखीचा आकडा दिल्लीहून टेंभलीपर्यंत येऊ शकतो. टेंभलीचा प्रश्न दिल्लीपर्यंत त्याच वेगाने जात नाही.

जागतिक मंडळ आणि गावातील कार्यकर्ती यांच्यातील दरी भाषांतराने पूर्ण भरत नाही. तेथे दोन्हीकडे बसणारी माणसे लागतात. इंग्रजी चर्चा वाचणारी, मराठीत लिहिणारी आणि बोलीत बोलणारी. मराठीत पाया नाही असे नव्हे. डॉ. श्याम अष्टेकर यांच्या 'भारतवैद्यक'सारख्या ग्रंथाने गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी शास्त्रीय माहिती सोप्या मराठीत आणली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले आणि पुढे देशभरच्या आशांच्या प्रशिक्षणात ती पद्धत आली. सिकलसेलबाबतही गडचिरोलीचा एक अनुभव बोलका आहे. बंग यांनी सुरुवातीच्या काळात तेथे या आजाराचे सर्वेक्षण केले; पण लोकांना ती आपली निकडीची गरज वाटली नाही, असे त्यांनीच पुढे प्रांजळपणे सांगितले. नंदुरबारमध्ये तपासणीचे शिबिर लावणाऱ्याने हे आधी ऐकलेले असणे उपयोगाचे ठरते.

डॉक्टरांच्या शिक्षणातही बदल झाला आहे. २०१९ पासून वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला. नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये सुरू झाले. तेथील विद्यार्थी संवादाचे धडे मराठी-इंग्रजीत गिरवून वॉर्डात जातो, तेव्हा समोरची वृद्धा मावचीत किंवा पावरीत बोलत असते. त्या वेळी त्याची शिक्षिका असते ती शेजारी उभी असलेली स्थानिक परिचारिका किंवा रुग्णाबरोबर आलेली आशाताई. अध्यापकांच्या मंडळात या दोघींना बसायला जागा आहे का, हे पाहिले जात नाही. लेव्ह आणि वेंगर यांच्या सिद्धांतात कडेला बसून शिकणाऱ्याला मोठे स्थान होते. येथे मात्र कडेला बसलेल्या व्यक्तीलाच विषय सर्वाधिक ठाऊक आहे.

अशा मंडळातून प्रत्यक्षात मिळते ते बहुधा छोटेसे असते. 'चारात एक'चेच पाहा. नवापूर तुरीच्या डाळीसाठी प्रसिद्ध, तेव्हा तूर आणि मक्याचे दाणे घरोघरी सापडतात. दोन वाट्या घ्यायच्या, एक आईची, एक वडिलांची. प्रत्येकीत एक तुरीचा आणि एक मक्याचा दाणा. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा काढायचा. दोन्ही मक्याचे आले, तर मूल रुग्ण. एकच आला, तर वाहक. एकही नाही, तर निर्दोष. खेळ सोपा आहे आणि सासूपासून शाळकरी मुलापर्यंत सर्वांना कळतो. पण पहिल्यांदा करणारा काढलेले दाणे बाजूला ठेवून पुढच्या मुलासाठी उरलेले दाणे काढायला लागतो आणि मग 'एक आजारी झाले, आता बाकीची सुखरूप' हाच गैरसमज त्या खेळातून पक्का होतो. ज्याच्याकडून ही चूक आधी होऊन गेली आहे, तो चिंचपाड्याच्या परिचारिकेला मराठीत एकच ओळ लिहून पाठवू शकतो, की दर खेपेला दाणे परत वाटीत टाकायचे आणि ते टाकताना आईला दिसले पाहिजेत.